मोटारदुरुस्ती आणि खात्रीची माहिती

भाईंदर पूर्वेकडील इंद्रलोक ही इमारतींची व मध्यमवर्गीय कुटुंबांची वसाहत. तेथें इमारतीखालीं उभ्या असलेल्या मोटारीचें बॉनेट एखाद्या रविवारीं उघडलें, कीं सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाहीं. शेजारी एक तेल सुचवितो, सुट्या भागांचा दुकानदार दुसरें, आणि मोबाइलवरील चित्रफीत तिसरेंच कांहीं सांगते. सल्ला असा विपुल असतां गाडीचा धनी मात्र गोंधळतो. आपल्या हातानें लहानसहान दुरुस्ती करूं इच्छिणाऱ्यानें पाना उचलण्यापूर्वीं सल्ला कोणता व खात्रीची माहिती कोणती, हा भेद ओळखणें अवश्य आहे.

पूर्वीं ही अडचण इतकी तीव्र नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत बांधलेली फियाट पुढें 'पद्मिनी' या नांवानें प्रसिद्ध झाली, आणि ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना अक्षरशः पाठ होती. तिची बांधणी वर्षानुवर्षें फारशी बदलली नाहीं. म्हणून एका गाडीवर शिकलेला कारागीर दहा गाड्यांवर तीच विद्या चालवी. ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. आजची गोष्ट निराळी. एकाच नांवाच्या, पण दोन-तीन वर्षांच्या अंतरानें निघालेल्या गाड्यांचें इंजिन व विद्युत्-यंत्रणा भिन्न असूं शकते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हीं प्रदूषणविषयक मानकें लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी सर्रास आली. तींत राख सांचूं नये म्हणून अशा इंजिनाला कमी राखेचें तेल लागतें. जुन्या गाडीचें तेल घातल्यास इंजिन त्या दिवशीं तक्रार करीत नाहीं. महागडी गाळणी मात्र हळूहळू तुंबत जाते.

मग खात्रीची माहिती कोठें मिळावी? पहिलें ठिकाण अगदीं हाताशीं आहे. गाडीच्या खणांत पडून असलेली निर्मात्याची पुस्तिका हें तें ठिकाण होय. तेलाचा प्रकार व माप, फ्यूजांची मांडणी, जॅक लावण्याच्या नेमक्या जागा हें सर्व तींत त्याच गाडीपुरतें लिहिलेलें असतें, आणि लिहिणारा आपल्या शब्दाला जबाबदार असतो. टायरमधील हवेचेंच उदाहरण घ्यावें. टायरच्या कडेवर छापलेला दाबाचा आंकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा होय. या गाडीला हवा किती भरावी, हें पुस्तिकेंत व बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेलें असतें. दोन्ही आंकडे खरेच. परंतु ते निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत.

दुसरा आधार सांगाड्याच्या, म्हणजे चॅसीच्या, १७ अक्षर-अंकांच्या क्रमांकाचा. त्यांत आय, ओ व क्यू हीं इंग्रजी अक्षरें वापरीत नाहींत. कारण तीं एक व शून्य या अंकांसारखीं दिसतात. सुटा भाग मागतांना गाडीच्या नांवाबरोबर हा क्रमांक सांगावा, म्हणजे निर्मात्याच्या सूचींतून नेमका भाग निघतो. याच क्रमांकावरून निर्मात्यानें ती गाडी दोषनिवारणासाठीं परत बोलाविली आहे काय, हेंही विचारतां येतें. सात वर्षांच्या आंतील गाड्यांसाठीं याविषयींचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आहेत. जी दुरुस्ती फुकट मिळावयाची, तिच्यासाठीं रविवार कशाला दवडावा?

माहितीमागील कारण समजलें, कीं तिची पारख सोपी होते. भाईंदर हें खाडीकांठचें गांव. मिठागरें व खारफुटी यांच्या सान्निध्यांत हवा दमट. ब्रेकचें नित्य वापरांतील तेल असा ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदु मानकानुसार निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठीं हीच मर्यादा १५५ अंश आहे. खंडाळ्याचा घाट उतरतांना ब्रेक तापले, कीं अशा तेलांत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, आणि पायाखालचें पेडल पोकळ लागतें. म्हणून 'तेल स्वच्छ दिसतें, राहूं द्या' हा सल्ला कितीही आपुलकीचा असला, तरी टाकीच्या झांकणावरील तेलाची जात व पुस्तिकेंतील बदलण्याची मुदत हींच प्रमाण मानावीं.

दोषसंकेत वाचणारें लहानसें यंत्र हल्लीं स्वस्तांत मिळतें. त्याचा उपयोग मोठा, परंतु त्याच्या बोलण्याची मर्यादा जाणली पाहिजे. पी ०४२० हा संकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचें कार्य अपुरें दिसतें, एवढेंच सांगतो. दोष त्याचाच असेल, धुराच्या नळीस गळती असेल, किंवा मोजणारा सेन्सरच बिघडला असेल. तेवढ्यावर महाग भाग बदलणारा मनुष्य नुसता ताप मोजून औषध देणाऱ्या वैद्यासारखा होय.

अनुभवी कारागिराचें ज्ञान तर पुस्तकांतही मावत नाहीं. जो जुना भाग काढून दाखवितो, झिजेच्या जागेवर बोट ठेवतो व कारण विचारल्यास रागावत नाहीं, तो उत्तम गुरु. कारण न सांगतां दिलेला सल्ला किती महाग पडतो, हें पुराच्या वेळीं कळतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई-ठाण्यांत असंख्य गाड्या पाण्यांत बुडाल्या. अशा गाडीविषयीं 'एकदां सुरू करून पाहा' असें सहज सांगितलें जातें. परंतु पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. तें सिलिंडरमध्यें शिरलें असतां इंजिन फिरविलें, तर कनेक्टिंग रॉड वांकतो व सारें इंजिन उघडावें लागतें. येथें किल्लीला हात न लावणें हीच पहिली दुरुस्ती.

तात्पर्य, कोणतीही माहिती हातीं आली असतां तीन प्रश्न विचारावे. ती याच गाडीविषयीं व याच वर्षाच्या बनावटीविषयीं आहे काय? सांगणारा कारण सांगतो काय? दुसरा स्वतंत्र आधार तिला दुजोरा देतो काय? तिन्ही उत्तरें होकारार्थी असल्यास हवेची गाळणी, वायपरची पट्टी, बल्ब, बॅटरीच्या टोकांची सफाई हीं कामें कोणाही गृहस्थानें वा गृहिणीनें खुशाल करावीं. एअरबॅग, स्टिअरिंग व ब्रेक यांच्या दुरुस्तींत चुकीची किंमत जिवानें मोजावी लागते. तीं कामें तज्ज्ञाकडेच सोंपवावीं. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं तर कोणीच शिरूं नये. आणि केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, गाडीचे किलोमीटर व वापरलेल्या भागाचा क्रमांक एका वहींत टिपून ठेवावा. कांहीं वर्षांनीं त्या गाडीविषयीं त्या वहीइतका विश्वसनीय ग्रंथ दुसरा सांपडणार नाहीं.