किती जगला आणि कसा जगला

पाचव्या दिवशी सटवी येते आणि बाळाच्या कपाळी आयुष्य लिहून जाते, असे आपल्या आयाबायांना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. विज्ञान मात्र आयुष्याची दोरी शरीराच्या घडणीत आणि भोवतालच्या परिस्थितीत शोधते. या शोधात सी. एलेगन्स या कृमीने मोठे काम केले आहे. हा कृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब. प्रयोगशाळेत जिवाणू खाऊन तो दोन-तीन आठवडे जगतो. १९९३ साली सिंथिया केनियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, डॅफ-२ या एकाच जनुकात बदल झालेले कृमी दुपटीहून अधिक जगतात.

परंतु खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. हे वाढलेले दिवस कसले? अंगात बळ असलेले, की नुसते मरण लांबवलेले? २०१५ साली हायडी टिसनबॉम यांच्या गटाने चार प्रकारचे दीर्घायुषी कृमी तपासले. त्यांची हालचाल पाहिली, त्यांना उष्णता किती सोसते तेही पाहिले. आयुष्य वाढले होते; पण त्यातला दुबळेपणाचा वाटाही वाढला होता. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने कृमीची नेहमीची चाल न मोजता त्याचा जास्तीत जास्त वेग मोजला. तेव्हा डॅफ-२ बदललेले कृमी अधिक काळ धडधाकट राहतात, असे दिसले. म्हणजे मरण मोजणे सोपे आहे. आरोग्य मोजायचे तर नेमके काय मोजायचे, हे आधी ठरवावे लागते आणि उत्तरही त्या निवडीप्रमाणे बदलते.

चळवळीतल्या माणसाने हा मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. सरासरी आयुर्मान वाढले, या आकड्यात फक्त मरणाची नोंद असते. ओझ्याने वाकलेली पाठ, गटारातल्या वायूने पोखरलेली छाती, चाळिशीतच आलेले म्हातारपण त्यात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रयोगातल्या प्रत्येक गटातले कृमी एकाच वंशाचे असतात. त्यांना अन्न सारखे, तापमान सारखे. म्हणूनच जनुकाचा परिणाम वेगळा काढून दाखवता येतो. आपल्या समाजात भाकरी सारखी नाही, पाणी सारखे नाही आणि कामही जातीनुसार वाटलेले आहे. अशा समाजात माणूस लवकर का थकतो याचे उत्तर एकट्या जनुकात शोधणे म्हणजे सटवीलाच पांढरा कोट घालून पुन्हा घरात घेणे होय.