वणवा विझवायचा तर जानेवारीतच!

शिमगा जवळ आला की भोर आणि वेल्ह्यातले (आता राजगड तालुका) डोंगर रात्री दुरून देखणे दिसतात. उतारावरून लाल माळ सरकत असते. वाचकहो, ती आरास नव्हे, वणवा आहे.

'जाळलं की गवत झ्याक येतं' असं आपण बापजाद्यांपासून ऐकतो. हिरवा फुटवा लवकर दिसतो, हे खरं. पण जातं काय? वाळलेली कारवी भडकते, हिरडा-जांभळाची रोपं मरतात, जमिनीवरची अंडी-पिल्लं करपतात. उघडी माती वळवाच्या पावसात ओढ्याला लागते आणि भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगावच्या पाण्यात गाळ होऊन बसते.

आग लागते कशानं? कधी राब भाजताना. भात करायचं तर राब हवाच, त्यावरून शेतकऱ्याला बोल लावून भागत नाही. सकाळी वारं पडलेलं असताना चौघं ओल्या फांद्या घेऊन उभे राहिले, तर राबही भाजेल आणि डोंगरही वाचेल. कधी गडावर आलेल्या हौशी मंडळींची चूल किंवा सिगारेट कारण ठरते. राखीव जंगलात आग लावणं हा तर १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हाच आहे.

चांदोलीसारखं राष्ट्रीय उद्यान आपल्याकडं नाही. इथं डोंगर काही वनखात्याचा, काही मालकीचा. आगीला सातबारा वाचता येत नाही. आणि एकटा वनरक्षक किती रानं धावणार? म्हणून गडी माणसं हवीत.

वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा काढायची. वनरक्षकाला विचारून, मालकीत मालकाची परवानगी घेऊन, गवताचा रुंद पट्टा विळ्यानं कापायचा आणि पाचोळा ओढून जमीन मोकळी करायची. आग तिथवर येते आणि खायला काही नसलं की थांबते. कापलेलं गवत गावच्या गोठ्यात द्या. पहिला पट्टा देवराईभोवती काढा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या या देवरायांचं मोल १९७६ सालीच लिहून ठेवलंय.

आग लागलीच, तर आधी १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर आणि गावात कळवा. सुती कपडे घाला, एकटे जाऊ नका. आगीच्या वरच्या अंगाला कधीच उभे राहू नका, कारण चढावर ती माणसापेक्षा जोरात पळते. मागं सरायला जळून गेलेली जमीन बघून ठेवा.

पावसाळ्यात रोपं लावायला पुण्याहून पुष्कळ मंडळी येतात. यावं जरूर. पण जानेवारीतला एक रविवारही विळा घेऊन द्यावा. गेल्या आषाढात लावलेलं रोप पुढचा पाऊस बघणार की नाही, ते त्याच रविवारी ठरतं.