विहिरीवरचें एंजिन सुरू होईना, तेव्हां काय करावें ?

खानदेशांतील वैशाखाचें ऊन कसें असतें, हें जळगांव-धुळ्याच्या वाचकांस सांगावयास नको. पारा ४२ अंशांवर चढतो, कधीं ४५ च्याही पुढें जातो. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीच्या बागा अशा वेळीं पाण्याच्या पाळीवरच तग धरून असतात. केळीचीं मुळें जमिनीच्या वरच्या थरांतच पसरत असल्यामुळें खोल ओल त्यांस मिळत नाहीं. पाळी चुकली कीं पानें माना टाकतात व घड पोसत नाहीं. नेमकी अशाच दिवशीं वीज गेलेली असावी, आणि काल सायंकाळपर्यंत बिनतक्रार चाललेलें डिझेलचें एंजिन आज हॅंडल मारून दंड भरून आले तरी सुरू होऊं नये, हा प्रसंग पुष्कळ घरांवर येतो. मिस्त्री तालुक्याच्या गांवीं. तो येईपर्यंत दिवस मावळतो. म्हणून या यंत्राची परीक्षा घरच्या घरीं कोणत्या क्रमानें करावी, तें आम्ही येथें सांगत आहों.

प्रथम यंत्राचें तत्त्व पाहूं. जर्मन एंजिनियर रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं आपलें एंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. आपल्या प्रांतांत १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि मोटेच्या जागीं ठिकठिकाणीं एंजिनें दिसूं लागलीं. आज बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आहेत. तरी जेथें तार पोहोंचली नाहीं किंवा वीज वेळेवर मिळत नाहीं, तेथें एंजिनाचीच कांस धरावी लागते. या एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांत शिरलेल्या हवेस दट्ट्या सुमारें १६ ते १८ पट दाबतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें अनुभविलें असेल. तोच न्याय येथें लागू आहे. एंजिन चालूं असतां दाबलेल्या हवेचें उष्णमान ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर जातें, व तींत डिझेलचा सूक्ष्म फवारा शिरतांच तो आपोआप पेट घेतो. सारांश, हवा, दाब आणि फवारा या तीन गोष्टी जुळल्या कीं एंजिन चालतें. चालत नसेल तर यांपैकीं एक बिघडली आहे, एवढें निश्चित समजावें.

आतां एक प्रश्न स्वतःस विचारावा : दोष एकाएकीं आला कीं हळूहळू ? दट्ट्याच्या कड्या किंवा झडपा एका रात्रींत झिजत नाहींत. त्या झिजूं लागल्या म्हणजे एंजिन कित्येक आठवडे आधींपासून जड सुरू होतें व धूर अधिक टाकतें. काल नीट चालून आज अडलेल्या एंजिनाचा दोष बहुधा डिझेलच्या वाटेवर असतो, आणि तो बहुधा किरकोळ असतो.

म्हणून शोधही तेथूनच सुरू करावा. बंद करण्याचा दांडा बंदच्या बाजूसच राहिला नाहीं ना ? टांकींत डिझेल आहे ना ? तोटी उघडी आहे ना ? टांकीच्या झांकणास हवेसाठीं बारीक छिद्र असतें. तें धुळीनें बुजलें तर डिझेल खालीं उतरत नाहीं. पावसाळ्यांत डिझेलमध्यें पाणी शिरतें. तें जड असल्यामुळें तळाशीं बसतें. तळाचें थोडें डिझेल कांचेच्या भांड्यांत काढून पाहिलें कीं पाण्याचा थर स्पष्ट दिसतो.

टांकी एकदां पुरती रिकामी झाली असेल, तर ती पुन्हा भरल्यानेंच काम भागत नाहीं. नळींत हवा अडकते, आणि पंपानें दाब दिला तरी ती हवाच चेपली जाते. डिझेल पुढें सरकत नाहीं. अशा वेळीं गाळणीवरील स्क्रू थोडा सैल करावा. प्रथम बुडबुडे येतील. अखंड धार लागतांच तो घट्ट करावा, व डिझेलच्या पंपापाशींही तसेंच करावें. नंतर चाक फिरवितांना इंजेक्टरांतून करकर असा आवाज ऐकूं आला, म्हणजे फवारा उडत आहे असें जाणावें. मात्र फवाऱ्यापुढें बोट कधींही धरूं नये. त्याचा दाब इतका असतो कीं डिझेल कातडी भेदून आंत शिरतें.

धूरही पुष्कळ सांगतो. हॅंडल मारतांना नळकांड्यांतून पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल सिलिंडरांत पोहोंचत आहे, पण पेटत नाहीं. दोष दाबांत शोधावा. धूर मुळींच नसेल, तर डिझेलच पोहोंचत नाहीं.

दाब पाहण्यासाठीं झडप उघडी धरणारा दांडा खालीं पाडून चाक हातानें सावकाश फिरवावें. एका जागीं तें अडून मागें उसळी घेऊं लागलें, तर दाब ठीक आहे. सहज फिरून गेलें, तर हवेच्या वाटेनें लहान चमचाभर एंजिनतेल सोडून पुन्हा पाहावें. दाब वाढला, तर कड्या झिजल्या आहेत. न वाढला, तर झडप किंवा डोक्याखालील पॅकिंग गळत असावें. हें काम मिस्त्रीचें आहे. चाक मुळींच हलत नसेल, तर बळजबरी करूं नये. सिलिंडरांत पाणी शिरलें असेल, तर दांडाच वांकेल.

राहिली हवा. गाळणी धुळीनें भरली नाहीं ना, आणि बंद एंजिनाच्या नळकांड्यांत कुंभारमाशीनें मातीचें घर केलें नाहीं ना, हें पाहावें.

क्रीडांगणावरील गवत कापण्याच्या, वर बसून चालविण्याच्या यंत्रासही हाच क्रम लागू पडतो. तें पेट्रोलवर चालत असल्यास ठिणगीची परीक्षा अधिक करावी. अशा पुष्कळ यंत्रांत बैठकीखालीं एक विजेचा खटका असतो. बैठकीवर कोणी नसेल तर यंत्र मुद्दामच सुरू होत नाहीं. बॅटरी उतरली असल्यासही तें अडतें.

पालकांस आमची एक कळकळीची विनंति आहे. एंजिन विहिरींत उतरवून कधींही चालवूं नये. पाणी खोल गेलें म्हणून कांहीं लोक तसें करतात. धुरांतील विषारी वायु विहिरींत कोंडतो, आणि खालीं उतरलेला मनुष्य हांक मारण्यापूर्वींच बेशुद्ध होतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो, तोही परत येत नाहीं. हॅंडल मारतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलट झटका बसला तरी हात सुटतो. उपरणें किंवा पदर पट्ट्याजवळ लोंबूं देऊं नये. आणि एंजिन लवकर पेटावें म्हणून हवेच्या वाटेंत पेट्रोल ओतूं नये.

विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि परिणाम पाहून मगच पुढें जावें. चार ठिकाणचे स्क्रू एकदम सैल करणाऱ्यास, एंजिन सुरू झालें तरी तें कशानें सुरू झालें हें कळत नाहीं; व पुढच्या वैशाखांत तो पुन्हा तेथेंच अडतो.