मांडीवरची शस्त्रक्रिया : दोन महिन्यांचा हिशेब

आपल्या अंकात मधुमेह, रक्तदाब, गुडघ्याचे ऑपरेशन यांवरचे लेख आपण चारचौघांत वाचतो. मांड्यांवरच्या ऑपरेशनबद्दल मात्र आपल्या बायका स्वयंपाकघरातसुद्धा आवाज खाली करून बोलतात. मी ते करून घेतले आहे. आधी चार गोष्टी विचारायला ओळखीत एकही मराठी बाई सापडली नाही (नंतर दोन सापडल्या!), म्हणून हे लिहिते आहे.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझे ९५ पौंड उतरले. पण ताणलेली कातडी काही परत आकसत नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला ती लोंबते, चालताना घासते, घामाने पुरळ उठते, उन्हाळ्यात सोलवटते. व्यायामाने स्नायू बळकट होतात, जादा कातडी जात नाही. ती कापूनच काढावी लागते. छेद जांघेच्या घडीत घेतात आणि कातडी फार असेल तर तिथून आतल्या बाजूने गुडघ्याकडे उभा नेतात. पूर्वी हा व्रण वजनाने खाली ओघळत असे. १९८८ मध्ये टेड लॉकवूड या अमेरिकन सर्जनने कातडीचा भार आतल्या चिवट आवरणाला टाक्यांनी अडकवण्याची रीत मांडली, तेव्हापासून हा दोष बराच कमी झाला. वजन निदान सहा महिने स्थिर हवे आणि सिगारेट पूर्ण बंद हवी, एवढ्या दोन अटी बहुतेक सर्जन घालतात.

ऑपरेशन काही तासांचे. खरे काम घरी आल्यावर सुरू होते. त्याच दिवशी उठून थोडे चालावे लागते, नाहीतर पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर लगेच डॉक्टरांना फोन करावा. दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट ९११. घट्ट दाबाची विजार साधारण चार ते सहा आठवडे जवळजवळ रात्रंदिवस घालावी लागते. काहींना नळ्याही लावतात. त्यांतून येणारे पाणी रोज मोजून लिहून ठेवायचे. मी कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबासारखे लिहीत असे.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे जांघेची घडी. ती कायम ओलसर, आणि शौचाची जागा अगदी जवळ. पाणी घेण्याची आपली सवय इथे चांगलीच, पण नंतर ती जागा स्वच्छ कापडाने टिपून पूर्ण कोरडी केली पाहिजे. कमोडवर बसवायची उंच बैठक औषधाच्या दुकानात मिळते, ती आधीच आणून ठेवा. वेदनाशामक गोळ्यांनी मलावरोध होतो. इसबगोलावर विसंबू नका, डॉक्टरांकडून त्यासाठी वेगळे औषध मागून घ्या. त्या गोळ्यांत बरेचदा टायलेनॉलचेच औषध मिसळलेले असते, तेव्हा वरून आणखी टायलेनॉल घेण्यापूर्वी बाटलीवरचा मजकूर वाचा.

जखम भरायला प्रथिने लागतात. मला रोज ६० ते ८० ग्रॅम सांगितली होती, आणि वाटीभर पातळ वरणातून पाच-सहाच मिळतात. शाकाहारी मंडळींनी बी-१२ आणि लोह आधीच तपासून घ्यावे, विशेषतः पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर.

आणि बसणे! मांडी घालून बसायचे नाही, उकिडवे बसायचे नाही, पाय फाकवायचे नाहीत. बाराव्या दिवशी बरे वाटले म्हणून मी खालच्या कपाटातून कुकर काढायला वाकले, नकळत उकिडवी बसले आणि जांघेतले टाके इंचभर उसवले. सर्जन रागावले नाहीत. तिथे जखम उघडणे हा या ऑपरेशनचा नेहमीचाच त्रास आहे, म्हणाले. परत टाके न घालता रोज ड्रेसिंग करून ती पाच आठवड्यांत भरली. पण घरी येणाऱ्या बहिणीला मी दोनच आठवडे बोलावले होते. तुम्ही मदत चार आठवड्यांची ठेवा.

आता पैशाचे. विमा कंपन्या या शस्त्रक्रियेला बहुधा सौंदर्यासाठीची म्हणतात आणि नाकारतात. पुरळ, जंतुसंसर्ग, त्यावर केलेले उपचार यांची महिनोन्महिन्यांची नोंद आणि फोटो तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये असतील तरच वाद घालता येतो. नकार आल्यास अपिलाला साधारणपणे १८० दिवस मिळतात. सर्जन, भूल आणि ऑपरेशनची जागा यांची बिले वेगवेगळी येतात. गुंतागुंत झाली तर कोण भरणार, हे आधी लेखी विचारा.

१९९० च्या कायद्याने निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेची करसवलत काढून घेतली. शरीराच्या कार्यात खरी सुधारणा होत असेल किंवा आजारावर उपचार होत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसे डॉक्टरांचे पत्र हवे. एचएसएमधून परस्पर पैसे काढू नका. खर्च पात्र ठरला नाही तर ६५ वर्षांखालील व्यक्तीला कर आणि वर २० टक्के दंड. आधी सीपीएला विचारा.

मला सर्वांत जास्त चटका रजेने दिला. १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्यात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा आहे, हे मला ठाऊक होते. पण सौंदर्योपचार त्यात बसत नाहीत, रुग्णालयात दाखल राहणे आवश्यक असेल किंवा गुंतागुंत झाली तरच बसतात, हे आमच्या ऑफिसने ऑपरेशनच्या आठवडाभर आधी सांगितले. साठवलेली सगळी सुटी त्यात गेली, त्या वर्षीची भारतवारीसुद्धा.

भारतात स्वस्तात करून येऊ, असे अनेकांच्या मनात येते. तिथे उत्तम सर्जन आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण परतीचा प्रवास वीस-बावीस तासांचा, आणि बसून राहिल्याने गाठ होण्याचा धोका तेव्हाच वाढलेला असतो. उसवलेली जखम इथल्या अनोळखी सर्जनला दाखवणेही सोपे नाही. जायचेच तर सहा-आठ आठवडे मुक्काम धरून जा.

व्रण वर्षभर रंग बदलत राहतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर तो जास्त गडद किंवा उंचवटलेला राहू शकतो. माझा अजून दिसतो. सूज मात्र तीन महिन्यांत बरीच उतरली आणि चौथ्या महिन्यात, सर्जनना विचारून, मी गणपतीच्या आरतीनंतर पाटावर मांडी घालून जेवले.

कुणाला खाजगीत काही विचारायचे असल्यास संपादकांकडे निरोप ठेवावा. मी फोन करीन. नाव सांगितलेच पाहिजे असे नाही.