कोल्हापुरात उत्तम मिसळ कशी ओळखावी?

गुळाच्या सौद्यासाठी, गुजरीतील कामासाठी किंवा चपलांच्या खरेदीसाठी कोल्हापूरला येणारे व्यापारी बांधव सकाळी एस.टी.तून उतरले की हमखास विचारतात, "इथली सर्वांत चांगली मिसळ कुठली?" प्रश्न साधा आहे, पण चार माणसांना विचारले तर चार पत्ते मिळतात. शिवाजी उद्यमनगरातील फडतरे, कसबा बावड्याची बावडा मिसळ आणि खासबागची मिसळ ही नावे बहुतेकांच्या तोंडी असतात. पेठापेठांतील लहान दुकाने वेगळीच. म्हणून आम्ही येथे पहिला नंबर जाहीर करण्याऐवजी मिसळ पारखायची कशी, ते सांगणार आहोत. सोने घेताना आपण पाटी पाहून थांबत नाही, कस लावतो. मिसळीचेही तसेच आहे.

मटणाच्या खाणावळीत शिरण्याआधी आपल्याला हलालची चौकशी करावी लागते. मिसळीच्या बाबतीत ती अडचण नसते. त्यामुळे प्रवासातील न्याहारीला ती सोयीची पडते.

ताटातील जिन्नस

मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-चिवडा किंवा फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि वेगळा वाढलेला तिखट रस्सा म्हणजे कट. सोबत कोल्हापुरी रीतीप्रमाणे ब्रेडच्या स्लाइस.

मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की मोड येतात. उन्हाळ्यात मोड लवकर येतात, पण मटकी आंबण्याचीही भीती असते. म्हणजे आज किती ताटे जातील, याचा अंदाज दुकानदाराला आदल्या दिवशीच बांधावा लागतो. दुपारी 'मिसळ संपली' म्हणणारे दुकान म्हणूनच चांगले समजावे. त्याने उरलेला माल उद्याच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला नसतो.

खरी कसोटी कटाची. भाजलेला कांदा, सुके खोबरे, आले, लसूण यांचे वाटण आणि कांदा-लसूण चटणी यांवर तो उभा असतो. मिरचीचेही गणित आहे. संकेश्वरी मिरची तिखटपणा देते, तर ब्याडगी रंग देते. ब्याडगी हे कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील गाव असून तेथील मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्हींचा मेळ बसला तरच कट जमतो. नुसते जळजळीत ते कोल्हापुरी, हा बाहेरगावच्या पाट्यांनी पसरवलेला गैरसमज आहे.

पाच कसोट्या

१) प्रथम कट नुसता चाखावा. आधी खोबरे-लसणाची चव यावी, तिखट मागून यावे.

२) कटाची वाटी दोन मिनिटे हलवू नये. मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून वरचा तवंग लालभडक आणि खालचा रस्सा तपकिरी दिसावा. खालचे पाणीही भडक लाल असेल तर वरून रंग घातल्याची शंका घ्यावी. तोंड भाजल्यावर पाण्याने फरक पडत नाही, दह्या-दुधाने पडतो, त्याचेही कारण हेच.

३) मटकी शिजलेली पण अख्खी असावी. आंबूस वास येता कामा नये.

४) फरसाण कोरडे खाऊन पाहावे. खवट लागले तर तळणीचे तेल जुने आहे. तेल वारंवार तापवले की त्यात बिघडलेले घटक साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे.

५) कट पुन्हा मागावा. पहिली वाढणी सगळेच चांगली देतात. दुसऱ्या वाढणीचा कट पाणी घालून वाढवलेला निघाला की दुकानदाराची नियत कळते.

रंगाचा मोह महागात पडतो

चटणी-मसाल्याचा धंदा करणाऱ्या बांधवांनी येथे विशेष लक्ष द्यावे. 'सुदान' नावाचा कारखानी रंग अन्नात घालण्यास बंदी आहे. भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात तो सापडल्यामुळे २००३ साली युरोपने तपासणी कडक केली. २००५ साली ब्रिटनमध्ये अशी मिरचीपूड गेलेले शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. चिमूटभर रंगाने प्रामाणिक व्यापाऱ्याच्या मालाकडेही संशयाने पाहिले गेले.

घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. पेलाभर पाण्यावर मिरचीपूड भुरभुरावी. लगेच रंगाच्या रेषा खाली उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा रंग आहे. विटेची पूड असेल तर ती तळाशी बसते. सुदान मात्र तेलात विरघळतो, त्यामुळे तो या परीक्षेत सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

धंद्याचा धडा

मिसळीचे एक ताट अनेकांच्या हातांनी भरते. बेकरीवाला, फरसाणवाला, मसाला कांडपवाला, भाजीवाला. मिरची किंवा तेल महागले की दुकानदारापुढे तीन वाटा असतात: भाव वाढवणे, ताट लहान करणे, किंवा मालात खोट करणे. पहिल्या वाटेने काही गिऱ्हाइके कुरकुरतात, पण टिकतात. तिसऱ्या वाटेने ती न बोलता जातात आणि पुन्हा येत नाहीत. त्या दुकानाबरोबर त्याच्या बेकरीवाल्याचा आणि कांडपवाल्याचा रतीबही बुडतो.

इटलीतील नेपल्स शहरातील पिझ्झावाल्यांपुढेही असाच प्रश्न होता. त्यांच्या पिझ्झाचे नाव जगभर कोणीही कशालाही लावू लागले. १९८४ साली त्यांनी संघटना स्थापून पीठ, कणीक मळण्याची रीत आणि भट्टी यांचे नियम लिहून काढले. २०१७ साली युनेस्कोने त्यांच्या कलेची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. 'कोल्हापुरी मिसळ' ही पाटी मात्र आज कोणीही लावतो. येथील मिसळवाले आणि त्यांना माल पुरवणारे कारागीर यांनी एकत्र बसून कटात काय असावे आणि काय नसावे, एवढे जरी लिहून काढले तरी नावाची राखण होईल.

ज्यांच्या हाती एकच सकाळ आहे त्यांनी उद्यमनगरची वाट धरावी आणि थोडे थांबण्याची तयारी ठेवावी. दोन दिवस मुक्काम असेल तर दुसऱ्या सकाळी बावडा किंवा खासबाग पाहावे. आणि तिसरा दिवस मिळाला तर पेठेतील एखाद्या बिनपाटीच्या दुकानात शिरून वरील पाच कसोट्या लावाव्यात. तेथील दुसऱ्या वाढणीचा कट पहिल्यासारखाच निघाला, तर ते नाव आपल्या बांधवांनाही जरूर सांगावे.