दुष्काळ आणि लोकसंख्या : एका शंकेचें समाधान

अवर्षणाच्या सालीं वर्गणीची यादी घेऊन आमचे सभासद पेठांतून व बागायतदारांच्या वाड्यांतून फिरूं लागले, म्हणजे एक शंका हटकून कानीं येते. ती कृपणच काढितात असें नव्हे. विचारी व दानशील गृहस्थांच्या मुखींही ती ऐकूं येते. देशांत माणसें फार झालीं, जमीन मात्र होती तेवढीच राहिली. आज अन्न घालून जीं वांचवावीं तीं उद्यां आणखी तोंडें वाढवितील. मग हा पैसा व्यर्थ नव्हे काय? या शंकेस रागानें उत्तर देणें प्रशस्त नाहीं. हिशेबी मनुष्याची शंका हिशेबानेंच फिटली पाहिजे. सबब मंडळाचा जमाखर्च सादर करण्यापूर्वीं प्रांताच्या लोकसंख्येचाच जमाखर्च आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम आपल्या पुणें जिल्ह्याचें खातें पाहूं. 1872 च्या खानेसुमारींत येथें सुमारें 9 लक्ष 21 हजार माणसें मोजलीं गेलीं. 1881 सालीं तीं 9 लक्षांवर आलीं, 1891 सालीं 10 लक्ष 68 हजार झालीं, आणि 1901 सालीं पुनः 9 लक्ष 95 हजारांवर उतरलीं. पहिली घट 1876-77 च्या दुष्काळाची; दुसरी 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांची आणि त्यांत भर घालणाऱ्या प्लेगाची. एकोणतीस वर्षांत एकंदर वाढ शेंकडा आठ. कलादगी, म्हणजे पुढचा विजापूर, या जिल्ह्यांत तर 1872 पासून 1881 पर्यंत पांचांतील एकाहून अधिक मनुष्य कमी झालें. आजच्या महाराष्ट्राच्या सीमा धरल्या तर 1911 सालीं 2 कोटी 15 लक्ष असलेली लोकसंख्या 1921 सालीं 2 कोटी 8 लक्ष भरली; मध्यें 1918 चा इन्फ्लुएन्झा व त्याच सालचें अवर्षण येऊन गेलें होतें.

यांवरून पहिली गोष्ट उघड होते. ज्या अर्धशतकांत दुष्काळानें सर्वांत अधिक प्राण घेतले, त्या काळांत आमची लोकसंख्या वाढत नव्हती म्हटलें तरी चालेल. 1921 नंतर मात्र ती झपाट्यानें वाढली. 1951 सालीं 3 कोटी 20 लक्ष, 1971 सालीं 5 कोटी 4 लक्ष, 2011 सालीं 11 कोटी 24 लक्ष. नव्वद वर्षांत पांचपटीहून अधिक! माणसांची गर्दी हेंच दुष्काळमृत्यूचें कारण असतें, तर हा काळ महासंहाराचा व्हावयास पाहिजे होता. तसें झालें नाहीं.

याचा पुरावा 1972 चा दुष्काळ होय. लागोपाठ पाऊस चुकला, पिकें बुडालीं, विहिरी आटल्या. परंतु मे 1973 मध्यें सुमारें 50 लक्ष स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर होते. खडी फोडून कां होईना, त्यांच्या हातीं मजुरी पडत होती, आणि मुलांच्या पोटांत सुकडी जात होती. 1877 सारखा मृत्युसंहार झाला नाहीं, व 1971 ते 1981 या दशकांत लोकसंख्या शेंकडा साडेचोवीस वाढली. उलट 1877 सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं काटकसरीच्या नांवाखालीं मजुराचें रोजचें धान्य एक पौंडावर, म्हणजे सुमारें अर्ध्या शेरावर, आणिलें होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध सरकारदरबारीं आपलें म्हणणें मांडिलें. दोन्ही वेळीं पाऊस रुसलाच होता. फरक पडला तो हाताला काम, कामाला पुरेसा दाम व बाजारांत धान्य असण्यानें. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेचा 1977 सालीं कायदा झाला, त्याच्या मुळाशीं हाच अनुभव आहे.

आतां कोणी म्हणेल, संहारानें निदान तोंडें तरी कमी होतात. तेंही खरें नाहीं. दुष्काळांत मरणें वाढतात तशीं पुढच्या वर्षीं जन्में घटतात. परंतु सुकाळ येतांच लांबलेलीं लग्नें होतात, पांगलेलीं कुटुंबें परततात व पाळणे पुनः हलूं लागतात. 1881 पासून 1891 पर्यंत पुणें जिल्हा शेंकडा अठरांनीं वाढला तो असाच. तोंडांची संख्या भरून निघाली. पोरकीं झालेलीं मुलें, विकलेले बैल व सावकाराकडे गेलेलीं शेतें मात्र भरून निघालीं नाहींत. वाढीस खरा आळा कशानें बसला तें पाहावें. जन्मलेलें मूल जगेल असा भरंवसा आला, मुली शाळेंत गेल्या, तेव्हां आईबापांनीं आपण होऊन अपत्यें कमी केलीं. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें अपत्यांचें मान 1.7 आहे, लोकसंख्या स्थिर राहण्यासच सुमारें 2.1 लागतें. तात्पर्य, मूल वांचविणारा दाता गर्दी वाढवीत नाहीं. ती कमी होण्याचा मार्गच तो मोकळा करितो.

आजचा प्रश्न माणसें किती हा नसून तीं कोठें व कोणत्या स्थितींत हा आहे. 2001 ते 2011 या काळांत पुणें जिल्हा 72 लक्षांवरून 94 लक्षांवर गेला. त्याच दशकांत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. बीडकडील कुटुंबें दरसाल ऊसतोडीस बाहेर पडतात, आणि गांवीं म्हातारीं माणसें व लहान मुलें उरतात. 2016 सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. दुष्काळ अशाच घरांत प्रथम शिरतो.

यांतून मदतीचे दोन नियम निघतात. पहिला, मदत लवकर पोंचावी. बैल विकून कुटुंब गांव सोडून गेल्यावर दिलेल्या शंभर रुपयांपेक्षां, कडबा व पाणी मिळून दावणीस बैल राहिला असतां दिलेले दहा रुपये अधिक कामाचे. दुसरा नियम पुष्कळांस ठाऊक नसतो. जुन्या दुष्काळांच्या मृत्युनोंदींवरून दिसतें कीं मरणांचा कळस बहुधा कडक उन्हाळ्यांत झाला नाहीं. पाऊस परत आल्यावर, क्षीण झालेल्या शरीरांस हिंवतापानें व पटकीनें गांठिलें तेव्हां झाला. पहिली सर येतांच लोक निश्चिंत होतात व वर्गण्या थांबतात. पण शेतांतलें पीक हातीं येण्यास अद्याप तीन-चार महिने असतात. तोच काळ खरा घाताचा.

म्हणून व्यापारी, जमीनदार व इतर उदार आश्रयदाते यांस आमची सविनय विनंति आहे कीं, आपण जें द्याल तें आजच द्यावें, व त्याचा कांहीं भाग खरिपाची सुगी होईपर्यंत औषध, बियाणें व धान्य यांसाठीं राखून ठेवण्याची आम्हांस मोकळीक द्यावी. रोख रक्कम, धान्य, कडबा, जें ज्यास शक्य असेल तें कृतज्ञतापूर्वक स्वीकारलें जाईल. पुढची खानेसुमारी होईल तेव्हां कोणत्या गांवाचा आंकडा घटला व कोणत्या गांवचीं माणसें आपल्या घरीं, आपल्या शेतावर मोजलीं गेलीं, हें आपल्या आजच्या देणगीवर थोडेंबहुत अवलंबून आहे.