काल्पनिक रुग्णावर खरा सराव

इंदापूरहून बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात निघालेल्या रुग्णाच्या हातात हमखास एक फुगलेली पिशवी असते. जुने केसपेपर, रिपोर्ट, एक्स-रे. ही पिशवी संगणकात गेली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. एका डॉक्टरनं ‘शुगर’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘डीएम’, तर यंत्राला ते दोन आजार! म्हणून स्नोमेड सीटी या जागतिक संज्ञाकोशात मधुमेहाला एकच क्रमांक आहे: ७३२११००९. या कोशाचं भारतातलं केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे.

नोंदीची ही शिस्त फळ्यावर शिकवून भागत नाही. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याला ओपनएमआरएससारख्या मोफत रुग्णनोंद प्रणालीत काल्पनिक रुग्ण उघडून द्यावा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी ठरलेल्या रकान्यात नोंदवून मग त्याच गटातलं अमॉक्सिसिलिन लिहायला सांगावं. पडताळणीचा नियम बसवलेला असेल, तर इशारा झळकतो. तीच अ‍ॅलर्जी नुसती ‘शेरा’मध्ये टंकली, तर बहुधा काहीच होत नाही. विद्यार्थी हे एकदा स्वतः बघतो आणि रकाने भरण्याची कुरकुर थांबते (निदान थोडी कमी होते).

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथंच काय, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात या सरावाचा तास प्रॅक्टिकलमध्ये हवा, तोही गुणांसकट.